प्रधानांची अक्का

राज्याभिषेक शक दोनशे पासष्ट, म्हणजे इंग्रजी १९३८ साल. आषाढातला पहिला सोमवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास तारमास्तर नवगावकर माझ्या मेजासमोर येऊन उभे राहिले.

"काय हो मास्तर, आज शिपाई रजेवर आहे वाटतं?" मी विचारलं.

"द्वारके, आधी हातातला टाक खाली ठेव," ते म्हणाले. "नाहीतर कागद खराब करशील."

मी टाक ठेवला. त्यांनी घडी केलेली तार माझ्यापुढे सरकवली. तंजावरहून आली होती, मुख्य प्रधान रघोत्तमराव यांच्या नावे. 'अक्का आज पहाटे गेली. अस्थी ठेवतो. या. शेजारी अनंतय्या.'

एका म्हातारीच्या मरणाने साताऱ्याच्या प्रधाननिवासात दोन माणसांचे हातपाय का गळावेत, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागेल. तेव्हा आपला मराठा संघ होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, नागपूर, तंजावर धरून अकरा राज्यं. साताऱ्याला छत्रपती महाराज, आणि कारभार मुख्य प्रधानांचा. प्रधान पाच वर्षांसाठी निवडला जाई, दर खेपेला वेगळ्या राज्यातला. त्याने आपल्या राज्याकडे झुकू नये म्हणून एक कडक नियम होता. ज्या दिवशी शिक्का हाती यायचा, त्या दिवसापासून त्याच्या राज्यातून येणारी खासगी पत्रं बंद. आलेलं पत्र न उघडता परत पाठवायचं. ते काम प्रधानांच्या मोडी लेखनिकेचं, म्हणजे माझं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, वाईच्या एका शाळामास्तरांची मुलगी, लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झालेली. अक्षर चांगलं होतं म्हणून नोकरी मिळाली होती.

या नियमाला अपवाद एकच, मरणाची बातमी. म्हणून तारा तेवढ्या मी उघडत असे. मरणाची बातमी कचेरीच्या उंबऱ्याच्या आत आली की ती ताबडतोब प्रधानांना सांगायची, आणि त्या घटकेपासून दहा दिवस त्यांनी शिक्क्याला हात लावायचा नाही. बहिणीचं सुतक शास्त्रात किती दिवसांचं, याच्याशी संघाला कर्तव्य नव्हतं. पूर्वी कोण्या एका प्रधानाने शिक्का सुटू नये म्हणून बापाचं मरण महिनाभर दडवलं होतं, तेव्हा हा कायदा झाला. दहा दिवस शिक्का अमात्यांकडे जाई. बातमी आल्यानंतर प्रधानाने कशावर शिक्का केलाच, तर तो कागद रद्द.

आणि अमात्य होते हैबतराव काटे.

"तार घेणं माझं काम," नवगावकर हळूच म्हणाले. "पोचवणं तुझं."

"पोचवली तर?"

"तर दुपारी शिक्का हैबतरावांकडे, आणि संध्याकाळी कावेरीच्या दारांना कुलपं."

"आणि नाही पोचवली तर?"

"तर आपण दोघं चोर," ते म्हणाले. मग चष्मा काढून उगाच पुसत राहिले. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, अलिबागेकडचे. "आमच्यात घरचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीवर बसतात, द्वारके. या माणसाला एक दिवससुद्धा मिळायचा नाही."

पाण्याचा हुकूम माझ्याच मेजावर होता. तंजावरच्या सभेने ठराव केला होता की संघाचे हुकूम मराठीबरोबर तमिळमध्येही यावेत, नाहीतर आम्ही संघातून बाहेर पडतो. हैबतरावांचं म्हणणं होतं की कावेरीचा मोठा बंधारा संघाच्या ताब्यात आहे, लावणीचे दिवस आहेत, दारं बंद करा, आठ दिवसांत नाक घासत येतील. रघोत्तमरावांनी तंजावरच्या वकिलांना बोलणी करायला साताऱ्याला बोलावलं होतं. बुधवारपर्यंतची मुदत होती. तोवर हैबतरावांनी हुकमाचा मसुदा करून ठेवला आणि त्याची स्वच्छ प्रत माझ्याकडून काढून घेतली. शेवटी तपशिलात लिहिलं होतं: पाण्यावर अवलंबून असलेली माणसं तीन लक्ष. तो आकडा मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिला होता.

मी तार टीपकागदाखाली सरकवली. नवगावकरांनी ते पाहिलं आणि ते निघून गेले.

तासाभराने हैबतराव आले. मोठा, मोकळा, गडगडाटी माणूस. वाईट होता असं मी म्हणणार नाही.

"काय द्वारकाबाई, शाई वाळली का आमच्या हुकमाची?"

"वाळली, अमात्यसाहेब."

"मग द्या की इकडे! का सांबारपंतांनी तुम्हांलाही फितवलं?" साताऱ्यात सगळे रघोत्तमरावांना मागे सांबारपंत म्हणत. हैबतराव तोंडावरही म्हणत.

"शिक्का झाल्याशिवाय तो नुसता कागद आहे, साहेब," मी म्हटलं. "कागद माझ्याकडे राहतो."

"वा! बाई आहात की कुलूप?" ते हसले आणि माझ्या मेजावर, टीपकागदाच्या अगदी शेजारी, थाप मारून आत गेले.

रघोत्तमरावांबद्दल सांगायला हवं. अठ्ठावन्न वर्षांचे, सडसडीत, सावळे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. साताऱ्यात साडेतीन वर्षं काढली, पण गावाने त्यांना कधी आपलं मानलं नाही. त्यांची मराठी अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेत गेलेली, तिकडेच मुरलेली. ते 'मला' न म्हणता 'मज' म्हणत, आणि दरबारात पोरंटोरं तोंडात पदर, उपरणं धरून हसत. चहाच्या गावात आपली कापी, म्हणजे कॉफी, ते स्वतः करून पीत, एकटेच. कोणाला विचारलं तर नको म्हणत, म्हणून विचारणं सोडून दिलं होतं.

अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी, बालविधवा. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. हे मला कसं ठाऊक? मी कामावर रुजू झाले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं होतं. "तंजावरहून दर महिन्याला एक पाकीट येईल. वाकडं अक्षर, जांभळी शाई. ते माझ्या बहिणीचं. तिला नियम सांगून झालाय. ती म्हणते, परत आलं तर आलं, मी लिहिणार. तुम्ही परत पाठवत जा." मग जरा थांबून म्हणाले होते, "तिला कोणी नाही. अस्थी माझ्याच हाताने कावेरीत जायच्या, एवढं तिने वचन घेतलंय. त्याला अजून अवकाश आहे म्हणा."

तेव्हापासून संध्याकाळी पाच वाजता उठताना ते माझ्या मेजापाशी थांबत आणि विचारत, "आज काही परत गेलं?"

महिन्यातले एकोणतीस दिवस मी म्हणे, "नाही, पंत." एके दिवशी म्हणे, "हो, एक." ते म्हणत, "बरं," आणि जात. पत्र परत गेलं म्हणजे अक्का आहे. एवढीच खुशाली त्यांना मिळत असे, आणि तीही नियम न मोडता. त्यांनी कधी पाकीट पाहायला मागितलं नाही.

त्या सोमवारी पाच वाजता ते आले. दिवसभर वकिलांशी बोलून आवाज बसला होता.

"आज काही परत गेलं?"

खरं म्हणजे त्या महिन्याचं पाकीट आलंच नव्हतं. नऊ दिवस उशीर झाला होता. नऊ दिवस मी नाही म्हणत होते आणि ते जिना उतरत होते.

"हो, पंत," मी म्हटलं. "एक गेलं."

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं," ते म्हणाले. आणि त्या दिवशी, कधी नव्हे ते, आणखी बोलले. "या खेपेला उशीर झाला. मज वाटलं होतं... जाऊ द्या. चष्मा हरवला असेल तिचा. तो देवापुढच्या तबकात ठेवते आणि घरभर शोधते."

मी मान खाली घालून टाक पुसत राहिले.

मंगळवारी दिवसभर दार बंद होतं. आतून हैबतरावांचा आवाज येई, मधूनच वकील स्वामिनाथरावांचा. दुपारी नवगावकर एकदा डोकावले. त्यांनी भुवया उंचावल्या, मी नकाराची मान हलवली. त्यांनी माझ्या मेजावर एक लिंबू ठेवलं. "पित्त होईल तुला," म्हणाले.

बुधवारी चार वाजता मला आत बोलावलं. करार माझ्या हाताने लिहिला गेला. तंजावरकडे जाणारे हुकूम दोन्ही भाषांत जातील, बंधारा संघाचा राहील पण पाणी कोणत्याही कारणाने अडवलं जाणार नाही, आणि तंजावर संघात राहील. रघोत्तमरावांनी शिक्का उचलला. मी शिक्क्याकडे पाहत होते. शिक्का कागदावर टेकला तेव्हा त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं की तो शिक्का शिक्का नव्हता.

"पंत, घरच्यांना झुकतं माप दिलंत," हैबतराव म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणाले.

"घरचं कोण आहे माझं तिथे, हैबतराव?" रघोत्तमराव म्हणाले. "एक म्हातारी. ती लिहिते तेही परत जातं."

गुरुवारी सकाळी आठ वाजता, कचेरीत कोणी यायच्या आत, मी तार घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते कापी घेत होते. जमिनीवरचा स्टोव्ह अजून गरम होता.

"इतक्या सकाळी?" ते म्हणाले. "बसा. कापी घेणार?"

साडेतीन वर्षांत मला हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी तार पुढे केली.

त्यांनी ती वाचली. एकदाच वाचली. मग सुतकात उतरवतात तशी पगडी उतरवायला त्यांचे दोन्ही हात वर गेले. पगडी कपाळावरून वर उचलली गेली, केसांची पांढरी कडा दिसली. आणि तिथेच ते थांबले. तारेच्या कोपऱ्यातली तारीख त्यांच्या नजरेला पडली असावी. हात तसेच वर होते.

"सोमवारी परत गेलं ते?" त्यांनी विचारलं.

"काही नव्हतं गेलं, पंत."

"पाकीट आलंच नव्हतं?"

"नाही."

त्यांनी पगडी पुन्हा नीट डोक्यावर बसवली. दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिली.

"करारावर शिक्का काल पडला."

"हो."

"तार सोमवारची."

"हो, पंत."

"मग ही तार आली नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. तीन दिवस मी मनात ठरवत होते की तार देईन, पाय धरीन, नोकरी सोडीन, आणि ते घरी जाऊन अस्थी घेतील. तीन दिवस उशीर झाला इतकंच. शिक्क्याचा हिशेब मी केला होता. पण शिक्का टिकवायचा तर बातमी कधीच आलेली नसली पाहिजे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तारेवर तारीख होती. तार आली म्हटलं की करार रद्द, आणि दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याची दारं बंद.

"मी कबूल करते," मी म्हटलं. "माझा गुन्हा आहे. मला शिक्षा करा, पण तुम्ही जा."

"तुम्ही शिक्षा घेतलीत तर तार आली होती हे ठरतं, द्वारकाबाई. तेवढी चैन तुम्हांला नाही. मजही नाही."

"अनंतय्यांना दोन ओळी तरी टाकते. माझ्या नावाने."

"काय लिहाल?" त्यांनी विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट पाहिली. शेवटी तेच म्हणाले, "न आलेल्या तारेला उत्तर नसतं."

मग ते म्हणाले, "मज विचारायला हवं होतंत, असं म्हणणार होतो. पण विचारणं म्हणजेच सांगणं." त्यांनी तार अजून निवत असलेल्या स्टोव्हपाशी धरली, काडी ओढली, आणि कागद बोटांपर्यंत येईस्तोवर सोडला नाही. "नवगावकरांना ठाऊक आहे?"

"हो."

"त्यांना म्हणावं, रघोत्तमराव आभारी आहे. आणि म्हणावं, यापुढे माझ्याकडे तशा नजरेने पाहू नका. लोकांच्या लक्षात येतं."

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता कराराची मेजवानी होती. दोनशे पानं. स्वामिनाथरावांनी तंजावरचा आचारी बरोबर आणला होता. मी लेखनिकांच्या पंगतीत होते, तिथून प्रधानांचं पान सरळ दिसत होतं.

"पंत, हे पायस घ्याच," स्वामिनाथराव स्वतः वाढत म्हणाले. "तुमच्या गल्लीतलाच आचारी आहे. निघालो त्या दिवशी देवळात अक्का भेटल्या होत्या. काठी टेकत, पण खणखणीत! म्हणाल्या, रघूला सांग, बारीक होऊ नकोस."

मी हातातला घास खाली ठेवला.

"तिची खुशाली मज घेता येत नाही, स्वामिनाथराव," रघोत्तमराव म्हणाले. "नियम आहे."

"अहो, मेजवानीत कसला नियम! बरं, आणखी एक वाटी?"

"वाढा."

त्यांनी दुसरी वाटी संपवली. मी पाहिलं. सुतकात गोड खाणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. हैबतराव पलीकडून ओरडले, "बघा, बघा, सांबारपंतांच्या डोळ्यांत पाणी! चार वर्षांनी घरचं जेवण मिळालं!" सगळी पंगत हसली.

"सांबार तिखट झालंय, हैबतराव," रघोत्तमराव म्हणाले, आणि तेही हसले.

पाच वाजता माझ्या मेजापाशी थांबणं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सोडलं. येताजाता नुसती मान हलवत. राहिलेलं दीड वर्ष त्यांनी कारभार चोख केला. मी रोज पाचला टाक धुवून बसत असे. ते पुढून जात आणि जिन्यावरचे त्यांचे पाय ऐकू येईनासे होत.

हैबतराव त्यांच्यामागून प्रधान झाले. ज्या कराराला विरोध केला तोच त्यांनी अक्षरन् अक्षर पाळला, हे सांगितलं पाहिजे. ग्वाल्हेरच्या बाजूला आपल्या गावी म्हातारपणी वारले, नातवंडांच्या गराड्यात. स्वामिनाथराव पुढे तंजावरच्या सभेचे अध्यक्ष झाले. नवगावकर मास्तर निवृत्त होऊन अलिबागेकडे गेले. ते वारले तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलींबरोबर जमिनीवर बसले होते. बाप नोकरीबद्दल कधी काही सांगत नसे, असं मुली म्हणाल्या. संघ पंचवीस वर्षांनी आपोआप सुटा झाला, भांडण न होता, जुनी गोधडी उसवावी तसा. आता तो करार रद्द करणारंही कोणी राहिलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रघोत्तमराव मुदत संपल्यावर तंजावरला परतले. अनंतय्यांनी चाळीस दिवस वाट पाहून अस्थी स्वतःच कावेरीत सोडल्या होत्या. रघोत्तमराव त्यांच्या दारात गेले तेव्हा अनंतय्यांनी त्यांना पायरी चढू दिली नाही, असं मला पुढे कळलं. अक्काच्या घरात ते चार वर्षं एकटे राहिले. तेवढ्या काळात मला त्यांचं एकच कार्ड आलं: 'पाऊस बरा आहे. कावेरीला पाणी आहे.' मी उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. उत्तर पोचायच्या आत पंत गेले.

संघ अजून होता तेव्हा, पन्नाशीच्या घरात आल्यावर, एकदा मी तंजावरला गेले. गल्ली शोधत शोधत एका नळापाशी आले. तिथे एक बाई हंडा भरत होती. तिची मराठी तशीच, जुनी. मी रघोत्तमरावांचं घर विचारलं.

"कोण?" ती म्हणाली. "जो प्रधान झाला तो? सख्ख्या बहिणीच्या तारेला ज्याने उत्तर नाही दिलं, तो?"

नळाचं पाणी हंड्यातून वाहून चाललं होतं. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हटलं, "तोच." आणि तिला स्टेशनचा रस्ता विचारला.